दोन डिस्क सांगलीत, एक साताऱ्यात

२०१९ च्या दिवाळीनंतर भिलवडीच्या एक वहिनी आमच्या स्टुडिओत आल्या. २०१४ साली त्यांच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. वडील नुकतेच गेले होते. लग्नाचा अल्बम पुरात भिजून पानाला पान चिकटला होता. वडील फेटा बांधून मांडवाच्या दारात पाहुण्यांना हात जोडत उभे होते, तेवढा एक फोटो काढून द्या, भिंतीवर लावायचाय, एवढंच त्यांचं मागणं. तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता. दुपारचं ऊन, मागे आंब्याच्या पानांचं तोरण, हसताना एक डोळा बारीक झालेला. पण मला नाही म्हणावं लागलं. ती डिस्क ऑगस्टात कृष्णेच्या पाण्यात राहिली होती.

आमचा स्टुडिओ हरभट रोडच्या आतल्या बोळात. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ च्या महापुराचं पाणी जिथवर आलं, तिथे अण्णांनी भिंतीवर तेलरंगाने रेघ मारून ठेवली होती. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सगळं सामान त्या रेघेच्या हातभर वर उचललं, कुलूप लावलं आणि विश्रामबागेत मावशीकडे गेलो. गावभागात, पेठेत, सगळ्यांचा हिशेब २००५ च्या खुणेवरच बांधलेला होता. पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ती खूण खाली राहिली.

आमच्याकडे तेव्हा अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्क होत्या. सात बुडाल्या. त्यानंतर मी जे केलं ते मुद्दाम सांगते, कारण पुन्हा पूर आला तर कुणीतरी हेच करायला जाईल. डिस्क पुसल्या, दोन दिवस उन्हात ठेवल्या आणि त्यातली एक कॉम्प्युटरला लावली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि बंद झाला. पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांनी नंतर समजावून सांगितलं. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून गाळ आत जातो. तबकडी फिरते तेव्हा वाचणारं हेड तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर असतं. वाळलेला गाळ मध्ये आला की तबकडीवरचा थरच खरवडला जातो. भिजलेली डिस्क वाळवायची नाही, वीज तर द्यायचीच नाही, ओलसर असतानाच पिशवीत बंद करून द्यायची. आमच्या सातपैकी दोन परत आल्या. त्या वहिनींची त्यात नव्हती.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. या खेपेला डिस्क पिशवीत भरून बरोबर नेल्या. पाण्यातून वाचल्या, आणि त्यातली एक मावशीच्या घरी टेबलावरून पडून गेली. त्या रात्री मी अण्णांना म्हटलं, हे असं पिशवीतून फिरवणं आता पुरे.

एनएएस हा शब्द मी तोवर फक्त ऐकला होता. नेटवर्कला जोडलेली, चोवीस तास चालू राहणारी साठवण. स्टुडिओतले सगळे कॉम्प्युटर त्याच एका जागी ठेवतात, त्याच जागेवरून घेतात. अण्णांना मी सांगितलं, तुमची निगेटिव्हची पत्र्याची पेटी आहे ना, तशी सगळ्यांची मिळून एक पेटी, फक्त प्रत्येकाच्या टेबलावरून उघडणारी. अण्णांनी एकच विचारलं, “आणि पेटीच बुडाली तर?” पुढचं वर्षभर मी जे काही केलं, ते या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी.

एनएएसचा तयार डबा घ्यायचा की आपण जुळवायचं यावर बरेच दिवस गेले. दोन डिस्कचा रिकामा डबाच वीस हजारांच्या आसपास पडत होता. मिरजेचा एक मुलगा आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, “ताई, नवा डबा कशाला? हा चौथ्या पिढीचा आय-थ्री पडूनच हाय की. रॅम वाढवा, डिस्क घाला, झालं.” त्याचं खरं होतं. फाइली सांभाळायला मोठा प्रोसेसर लागत नाही. जुन्या पीसीत ४ जीबी रॅम होती आणि ट्रूनॅसला, म्हणजे साध्या पीसीचा एनएएस करणाऱ्या सिस्टीमला, किमान ८ लागते. ८ ची आणखी एक कांडी टाकून १२ केली. सिस्टीमसाठी १२० जीबीची एसएसडी घेतली, कारण ट्रूनॅस स्वतःची बूट डिस्क डेटासाठी वापरू देत नाही. पेनड्राइव्हवर सिस्टीम टाकायचा मोह होतो. तो टाळावा, सतत लिहून लिहून पेनड्राइव्ह लवकर मरतात.

डिस्कच्या खरेदीत मात्र घाई केली नाही. लग्नात आमचे दोन कॅमेरे चालतात, रॉ फोटो एकेक २५ ते ३० एमबीचा. त्यात व्हिडिओ. शंभर मेगाबिटवर शूट केलं की तासाला ४५ जीबी जातात. एक लग्न सहज दीडशे जीबीचं. म्हणून ८ टीबीच्या दोन डिस्क ठरल्या, एकेक अठरा हजारांच्या घरात. खर्चातला मोठा वाटा हाच. घेताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, डिस्क सीएमआर हवी, एसएमआर नको. एसएमआरमध्ये जास्त माल बसवण्यासाठी तबकडीवरच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. कौलारू छपरातलं मधलं कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसं तिथे एक रेघ बदलायला शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एक डिस्क मेली आणि नवी भरून काढायची वेळ आली की अशी डिस्क फार रखडते. २०२० साली एनएएससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क अशा निघाल्या, खोक्यावर तसं लिहिलंच नव्हतं, आणि जगभर ओरड झाली. म्हणून मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासूनच पैसे दिले. दुसरी गोष्ट, दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच खेपेतल्या डिस्क एकाच सुमाराला आजारी पडण्याची भीती असते. हा सल्ला पुढे कामी आला.

लग्नसराई संपल्यावर जून २०२२ मध्ये जोडणी केली. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॉनिटर एकदाच लागला, नंतर सगळं ब्राउझरमधून. राउटरमध्ये त्या मशिनला कायमचा पत्ता बांधून दिला, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळ्यांचे शॉर्टकट तुटतात. दोन्ही डिस्क मिरर केल्या, म्हणजे जे एकीवर ते दुसरीवर. १६ टीबी विकत घेऊन हातात ८ येतात, आणि स्क्रीनवर तर ७.२७ च दिसतात, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने. अण्णांना हे फसवल्यासारखं वाटलं. कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा पटलं. अशा जोडलेल्या डिस्कच्या साठ्याला इंग्रजीत ‘पूल’ म्हणतात. त्याला नाव विचारलं, तिथे रोमन अक्षरांत ‘पेटी’ टाकलं.

आत फाइल सिस्टीम झेडएफएस. ती निवडण्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. फोटोची फाइल डिस्कवर नुसती पडून राहूनही बिघडू शकते. एखादा बिट उलटतो, आणि पाच वर्षांनी उघडली की अर्धा फोटो करडा. आमच्या जुन्या डिस्कवर असे फोटो निघाले आहेत. झेडएफएस प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज लिहून ठेवते. वाचताना बेरीज जुळली नाही की दुसऱ्या डिस्कवरचा चांगला तुकडा घेऊन पहिला दुरुस्त करते. महिन्यातून एकदा रात्री सगळा साठा वाचून ताळा करायला लावला आहे, त्याला स्क्रब म्हणतात.

आता केबलची गोष्ट. पहिली कॉपी लावली आणि वेग दिसला सेकंदाला ११ एमबी. सगळ्या जुन्या डिस्कवरचा माल मिळून ४.६ टीबी भरत होता. या वेगाने जवळजवळ पाच दिवस आणि पाच रात्री. मला वाटलं जुना पीसीच कमी पडतोय. मिरजेच्या मुलाने सेटिंग तपासली, डिस्क बदलून पाहिल्या, नेटवर्क कार्ड बदललं; काटा ११ वरून हलेना. दोन दिवस यात गेले. मग ११ हा आकडाच बोलका आहे हे लक्षात आलं. शंभर मेगाबिट म्हणजे आठाने भागून साडेबारा एमबी, नेटवर्कचा वरखर्च वजा जाता ११. म्हणजे कुठेतरी लाइन गिगाबिटची न होता शंभराची होत होती. स्विच नवा, दोन्हीकडची कार्डं गिगाबिटची, राहिली भिंतीतली केबल. तिचं टोक उघडलं तर आत नारिंगी आणि हिरवी जोडी तेवढी दाबलेली, निळी आणि तपकिरी जोडी कापून मागे वळवलेली. ज्याने कधीकाळी ही लाइन ओढली त्याने शंभर मेगाबिटला लागतात तेवढ्याच चार तारा जोडल्या होत्या. इंटरनेटला तेव्हा ते पुरत होतं. गिगाबिटला आठही तारा लागतात. दोन्ही टोकं कापून नवे कनेक्टर दाबले, खर्च वीस रुपये. वेग ११० वर गेला आणि बारा तासांचं काम राहिलं. कुणाचा एनएएस ११ एमबीवर अडला असेल तर आधी केबलची टोकं पाहा, बाकी सगळं नंतर.

परवानग्यांचा घोळ एक दिवस चालला. नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर दिसे पण त्यात लिहू देईना. सगळ्यांना सगळं उघडं करून टाकावं असं वाटतं, ते मी केलं नाही. एडिटिंगवाल्याचा वेगळा युजर, माझा वेगळा, अण्णांचा फक्त वाचण्यापुरता. प्रिंटरला जोडलेला एक जुना एक्सपीचा कॉम्प्युटर आमच्याकडे अजून आहे. त्याला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती कळते. ती सर्व्हरवर चालू करता येते, पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून जगभर शिरला होता. त्या कॉम्प्युटरला आजही फोटो पेनड्राइव्हवरून जातात.

खरा वेळ खाल्ला तो माल लावण्याने. अकरा वर्षांचं काम कुठल्याही नावाने पडलेलं. ‘नवीन फोल्डर ३’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’. एकाच लग्नाच्या तीन प्रती, आणि तिन्हींत थोडं थोडं वेगळं. अण्णांची निगेटिव्हची वही होती. १९८६ पासून प्रत्येक रोलला नंबर, घराणं, गाव, तिथी. पुरात भिजली, पण शाई पक्की होती, अक्षर टिकलं. मी ठरवलं, फोल्डरची नावं त्याच वहीच्या पद्धतीने. वर्ष, क्रमांक, आडनाव, गाव. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसत आणि मी नुसतं गाव वाचलं तरी सांगत, “हां, ते अंकलखोपचं. वरातीत बैल बुजला होता ते.” दीड महिना रोज संध्याकाळी हे चाललं. त्या दीड महिन्यात आमच्या धंद्याबद्दल मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दहा वर्षांत शिकले नव्हते.

आणि याच कामात ते सापडलं. पुण्याहून परत आलेल्या दोन डिस्कपैकी एकीवर अल्बम डिझाइनचं एक फोल्डर होतं, नाव नुसतं ‘शीट’. आत करिष्मा अल्बमच्या १२ बाय ३६ च्या तयार शीट. नववी शीट उघडली आणि मांडवाच्या दारातले ते काका समोर आले. शीटवर फोटो मोठा घेतला होता, तीनशे डीपीआयचा, त्यामुळे कापून ८ बाय १० चा सुरेख निघाला. २०१९ मध्ये मी ‘शीट’ शोधलंच नव्हतं. मूळ फोटोंच्या डिस्कचा नंबर पाहिला, ती मेली आहे म्हटल्यावर थांबले. सगळं एका जागी असतं तर तेव्हाही मिळालं असतं. फ्रेम करून मी स्वतः भिलवडीला नेऊन दिला. वहिनींनी फोटो हातात घेतला आणि आधी पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती.

एवढं झालं तरी अण्णांचा प्रश्न उभाच होता. दोन डिस्कचा आरसा एक डिस्क मेली तर वाचवतो. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, आणि पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात बुडतात.

पुसण्याचं उत्तर लवकर मिळालं, कारण प्रसंगही लवकर आला. गणपतीच्या दिवसांत आमच्या एडिटिंगवाल्याने जुनी प्रत समजून एका साखरपुड्याचं मूळ फोल्डर डिलीट केलं. नेटवर्कवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. पोरगा पांढराफटक पडला होता. त्याला पाणी दिलं आणि वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून मागच्या आवृत्त्या उघडल्या. दर तासाला स्नॅपशॉट घ्यायला लावला होता. दुपारी दोनचा निवडला आणि १,८४६ फोटो जागच्या जागी आले. स्नॅपशॉट म्हणजे दुसरी प्रत करून ठेवणं नसतं. झेडएफएस जुन्यावर लिहीत नाही, नवं नव्या जागी लिहिते; स्नॅपशॉट फक्त जुनी जागा मोकळी होऊ देत नाही. म्हणून तो क्षणात होतो आणि बदललं असेल तेवढीच जागा खातो. याची दुसरी बाजू नंतर कळली. वर्षाने जुने व्हिडिओ पुसले तरी जागा वाढेना, कारण स्नॅपशॉट त्यांना धरून होते. आता तासाचे दोन दिवस, रोजचे तीस दिवस आणि महिन्याचे एक वर्ष ठेवते.

लाईटचं सांगायचं तर ६०० व्हीएचा यूपीएस आहे आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडलेला आहे. ही यूएसबीची वायर बरेच जण लावत नाहीत. ती नसली तर बॅटरी संपेपर्यंत मशीन चालतं आणि मग धाडकन बंद पडतं. वायर असली की लाईट जाऊन दोन मिनिटं झाली की सर्व्हर नीट मिटून घेतो. उन्हाळ्याचं मात्र मी आधी ध्यानात घेतलं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये दुपारी डिस्कचं तापमान ५२ वर गेलं. मशीन कपाटात ठेवलं होतं, धूळ लागू नये म्हणून. बाहेर काढलं, समोर १२० मिलिमीटरचा पंखा लावला, ४२ वर आलं.

आता पाणी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रुजवलेला एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. नियम एका फोटोग्राफरच्या नावावर आहे हे कळल्यावर तो मला आणखी आपला वाटला. पहिला विचार क्लाउडचा केला. चार-पाच टीबीचं महिन्याचं भाडं वर्षाने मोजलं तर एक डिस्क येते, आणि ते कायम भरत राहायचं. मग अक्काची आठवण झाली. अक्का साताऱ्यात शाहूपुरीत राहते. कृष्णा तिकडूनच खाली आमच्याकडे येते, पण शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर आणि नदी लांब माहुलीकडून जाते. अक्काच्या घरात कृष्णेचं पाणी शिरायचं नाही.

फोन केला तर अक्का म्हणाली, “लाईटबिल किती येईल ते दाजींना सांग, बाकी ठेव की.” दाजींचा जुना डेस्कटॉप पडून होता. तो सांगलीला आणला, तिसरी ८ टीबीची डिस्क घातली आणि पहिली पूर्ण प्रत इथेच, केबलवरून काढली. हे इथेच करण्याला कारण होतं. आमच्या नेटचा अपलोड ४० मेगाबिट, त्यावरून ४.६ टीबी पाठवायचे तर रात्रंदिवस दहा-अकरा दिवस. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि एसटीने सव्वाशे किलोमीटर साताऱ्याला नेली. पेठ नाक्यापासून पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरला हात डिस्कवर घट्ट होत होता.

साताऱ्याचा डबा लागला, पण सांगलीहून दिसेना. नेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या आता शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, चाळीला एकच दारक्रमांक असावा तसं. आतली खोली कुठली हे बाहेरच्याला कळत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही, आणि होत असता तरी मी उघडला नसता. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीवाल्याने इंटरनेटवर उघडे असलेले हजारो एनएएस कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले होते. दोन्हीकडे टेलस्केल बसवलं. ते वायरगार्ड नावाच्या सांकेतिक जोडणीवर चालतं. दोन्ही मशीन आतून बाहेर हाक मारतात आणि त्यांच्यात कुलूपबंद बोगदा तयार होतो. दार उघडं ठेवावं लागत नाही. आता रोज रात्री अकराला सांगली त्या दिवशीचा फरक तेवढा साताऱ्याला पाठवते. लग्नाच्या दिवशी दीडशे जीबीला आठ-साडेआठ तास लागतात, सकाळपर्यंत होतं.

साताऱ्याला जातं ते सांकेतिक करून जातं. लोकांच्या घरचे फोटो आहेत. हळदीतल्या मुली, आजारी आजी, रडणारी आई. आपल्यावर विश्वास टाकून त्यांनी दिलेलं ते. उद्या अक्काच्या घरातून डबा चोरीला गेला तरी कुणाला काही उघडता येऊ नये. किल्ली कागदावर छापून एक प्रत आमच्या लोखंडी कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये आहे. किल्ली फक्त सर्व्हरवरच ठेवली आणि सर्व्हर बुडाला, तर साताऱ्याची प्रत असून नसल्यासारखी.

मार्च २०२४ मध्ये ऐन लग्नसराईत पहाटे सर्व्हरचा मेल आला, ‘पूल डिग्रेडेड’, म्हणजे डिस्कचा साठा अधू झालाय. एका डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर आठवड्याभरात ८ चे २४ आणि २४ चे शंभराच्या वर गेले होते, आणि मग तिने मानच टाकली. काम थांबलं नाही, दुसऱ्या डिस्कवर चालू राहिलं. नवी डिस्क त्याच दिवशी आणून लावली आणि भरणं सुरू झालं, अकरा तास. त्या अकरा तासांत सांगलीत एकाच डिस्कवर सगळं उभं होतं. मी घरी गेले नाही. दर अर्ध्या तासाने टक्के बघत बसले, आणि मध्ये दोनदा साताऱ्याची शेवटची प्रत कधी झाली ते तपासलं. रात्री साडेअकराला झालेली होती. ती ओळ पाहिली की पुढचा अर्धा तास निघायचा. दोन दुकानांतून घेतलेल्या डिस्कपैकी दुसरी आजही चालू आहे.

दर तीन महिन्यांनी मी साताऱ्याहून एक लग्न परत मागवते. कुठलंही, वहीत बोट ठेवून. सांगलीच्या डिस्ककडे न बघता, किल्ली लावून, उघडून, शेवटचा फोटो मोठा करून बघते. पहिल्यांदा केलं तेव्हा एक अख्खा विभाग साताऱ्याला जातच नव्हता असं निघालं. नवा डेटासेट केला होता आणि पाठवण्याच्या कामात त्याला जोडायचं राहून गेलं होतं. बाकी सगळं हिरवं दिसत होतं.

२०२४ च्याच जुलैच्या शेवटी पाणी चढायला लागलं, पुलापाशी गर्दी जमली, व्हॉट्सअॅपवर तासातासाला फूट आणि इंच यायला लागले. आम्ही कॅमेरे, लायटी, प्रिंटर वरच्या मजल्यावर नेले. सर्व्हर सगळ्यात शेवटी बंद केला, कारण त्या दिवसाचा फरक साताऱ्याला जायला चाळीस मिनिटं लागणार होती. अण्णा जिन्यात वही छातीशी धरून उभे होते. मी म्हटलं, वहीसुद्धा स्कॅन करून पाठवलीय, अण्णा. ते म्हणाले, “पाठीव की. ही माझ्याजवळ राहू दे.”

निगेटिव्हचं स्कॅनिंग अजून चालू आहे. १९९४ पर्यंत आलो आहोत. अण्णा सकाळी दहाला येतात, पांढरे हातमोजे घालतात, पट्टी उजेडाला धरून आधी स्वतः बघतात आणि मग स्कॅनरमध्ये ठेवतात.